चिंचेच्या पाण्यातलं पोवळं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यातून आमच्या गेणूतात्यांना कुणी थापाड्या म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांना हसणारेही बहुतेक गेले. पण जळोचीत एखादा म्हातारा अजून निघतोच, ‘गेणूच्या समुद्रातल्या गप्पा’ म्हणत दात काढणारा. म्हणून एकदा काय ते नीट सांगते.

तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. जळोचीला कालव्याखाली आमची भाजीची जमीन होती. वांगी, भेंडी, मिरची, आणि बांधाला पेरूची झाडं. माल सगळा बारामतीच्या बाजारात जायचा. तात्यांनी लग्न केलं नव्हतं. अंगानं उंच, खांदे वाकलेले, आणि उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तो कान लढाईत सुरुंगानं गेला होता. लढाईच्या आधी तात्या पंचक्रोशीतल्या विहिरींना सुरुंग लावायचे. खडक कुठं ठिसूळ आहे, भोक किती खोल पाडायचं, वात किती लांब ठेवायची, हे त्यांना बघताक्षणी कळायचं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मी सून होऊन आले तोवर त्यांनी सुरुंगाला हात लावणं सोडून दिलं होतं. विहिरीचं काम घेऊन माणसं यायची, ओसरीवर बसायची. तात्या त्यांना चहा पाजायचे आणि सांगायचे, “टिकावानं खांदा. येळ लागंल, पर सुरुंग मी न्हाय लावनार.” का, असं कुणी विचारलं की तात्या समुद्र काढायचे. मग माणसं कप खाली ठेवून एकमेकांकडे बघून हसायची.

बेचाळीस साली तात्या लष्कराच्या मजूर पलटणीत भरती झाले. आगबोटीनं त्यांना दक्षिणेकडच्या समुद्रातल्या एका बेटावर नेलं. त्या बेटाचं नाव तात्यांना धड कधी सांगता आलं नाही, आणि दर वेळी ते थोडं वेगळं सांगायचे, त्यामुळे लोकांना आणखीच फावलं. आमच्याकडच्या माणसांनी भीमेतल्या पळसदेवच्या डोहापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना एकजण येऊन सांगतो की मी अख्ख्या पोवळ्याच्या बेटावर तीन वर्षं राहिलो, ते बेट किड्यांनी बांधलंय. कोण विश्वास ठेवणार? पोवळं म्हणजे रत्न, खाणीत सापडतं, हे गावाला पाठ होतं.

माझं माहेर बारामती गावातलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, आणि त्याची मला जरा घमेंडही होती. त्यामुळे तात्यांचं ऐकायला घरात एक मीच उरले. भेंडी तोडता तोडता ते सांगायचे.

“जोंधळ्याच्या दान्याएवढा मऊ जीव असतोय बघ, रंगू. त्याला एक तोंड आन तोंडाभवती झालर. समुद्राच्या पान्यात चुना असतो, त्यो हा घेतो आन आपल्या बुडाखाली घर बांधतो. त्याच्या अंगाला दुसरा फुटतो, दुसऱ्याला तिसरा. जुना मरतो, पर घर तितंच ऱ्हातं. नवा त्याच्यावर माळा चढवतो. वर्साला बोटाचं पेरभर वाढलं तरी लई झालं. आन आमी चालत हुतो त्यो बांध कोसकोस लांब. किती वर्सं लागली असतील, लाव हिशेब.”

मी म्हणायचे, “तात्या, पण बेट गोल कसं झालं? मध्ये पाणी कसं?”

“मधी आधी डोंगर हुता. त्यो हळूहळू बुडाला. कडंचे हे जीव मातर उजेडासाठी वरवर बांधतच ऱ्हायले. डोंगर गेला, कडं उरलं. उजेड का पायजे, तर ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ ऱ्हातं. ते वाटेकरी. उनात अन्न शिजवतं आन ह्याला वाटा देतं. पानी गढूळ झालं न्हाय तर लई तापलं, की वाटेकरी सोडून जातो. मग ह्यो पांढरा पडतो आन मरतो.”

हे सगळं त्यांना मद्रासकडच्या एका लष्करी डॉक्टरांनी शिकवलं होतं. डॉक्टर काचेच्या बुडाचा डबा पाण्यावर धरायचे आणि तात्यांना खाली दाखवायचे. पिवळे, जांभळे, निळे मासे, शेवंतीच्या ताटव्यात फिरावेत तसे. तात्यांचा चेहरा हे सांगताना असा व्हायचा, की मला त्यांची दया यायची आणि हेवाही वाटायचा.

मग एक दिवस हुकूम आला. जहाजांना आत यायला वाट पाहिजे, आणि विमानाच्या धावपट्टीला खडी पाहिजे. सुरुंग लावता येणारा कोण आहे? तात्या पुढं झाले. हातचं काम होतं, चार माणसांत मान मिळणार होता. ओहोटीला भोकं पाडायची, वात पेटवायची. महिनाभरात त्यांनी कड्याला चाळीस हात रुंद खिंडार पाडलं. मेलेल्या माशांचा खच पडला. तात्यांचा कान त्यातच गेला.

“त्यो बांध हुता, रंगू,” ते म्हणायचे. “समुद्राची लाट त्याच्यावर फुटायची आन आत येईस्तवर मांजरावानी गरीब व्हायची. बांध फोडल्यावर लाट सरळ आत. पयल्याच तुफानात नारळी आडव्या झाल्या. मासं गेलं. माणसांनी खायाचं काय? तितला एक म्हातारा हुता. त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं आपल्या विहिरीचं पानी मला प्यायला दिलं. खारट हुतं.”

एवढं बोलून ते भेंडीच्या ओळीत पुढं निघून जायचे. मी कधी जास्त विचारलं नाही.

आता माझं सांगते. माझं लग्न झालं चौपन्न साली. पहिल्या महिन्यात आमचा बैल मेला. दुसऱ्या महिन्यात सासरे विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. झालं, सून पांढऱ्या पायाची, असं ठरलं. हे बोलण्यात सगळ्यात पुढं आमच्या सासूबाई, द्वारकाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई कामाला वाघ, हाताला सढळ, पण शकुन-अपशकुनाचं खूळ इतकं, की मांजर आडवं गेलं तर बाजाराची गाडी तासभर थांबवायच्या. दोन वर्षं झाली, मला मूल नाही. छप्पन्नच्या संक्रांतीला त्यांनी मला सरळच सांगितलं, “आता ह्या घरात आनखी एक कायबी वंगाळ झालं, की तुला माहेरी पोचवीन. आन मग न्यायाला कुनी येनार न्हाय.” माझा नवरा शेजारी उभा होता. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. आईपुढं त्याचं तोंड कधी उघडलंच नाही. माझ्या मात्र ते रात्रंदिवस डोक्यात राहिलं.

वैशाखात नणंदेचं, सिंधूचं लग्न ठरलं. मुलगा इंदापूरचा. लग्न आमच्या दारात. आमच्या घराण्यात एक पोवळ्याची माळ होती, तांबडीलाल, वाटाण्याएवढे मणी. घरची मुलगी असो की येणारी सून, अक्षता पडताना ती माळ गळ्यात पाहिजेच. माझ्याही गळ्यात होती. आणि आत्याबाईंचा एक पक्का समज होता. पोवळ्याचा रंग उतरला, की घरातलं माणूस जातं. हे त्या नेहमीच्या शकुनांसारखं चारचौघात बोलायच्या नाहीत, हळू आवाजात सांगायच्या.

लग्नाला बारा दिवस होते. आत्याबाईंनी माळ माझ्या हातात दिली. “नीट पुसून ठेव. सिंधूच्या अंगावर झळाळली पायजे.” मी परसात तांब्या-पितळेची भांडी घासायला बसले होते. हंडे, घंगाळ, समया, पराती. चिंचेच्या पाण्यानं घंगाळ कसं लखलखीत झालं होतं. मला वाटलं, नुसतं पुसून काय होतंय, चिंचेत भिजवून ठेवते. आत्याबाई खूश होतील, एकदा तरी ‘शाब्बास’ म्हणतील. माझं शिक्षण असं कामाला आलं. ताटात घट्ट चिंचेचा कोळ केला, त्यात माळ बुडवली. तेवढ्यात वांग्याच्या पाट्या भरायला हाक आली. गेले ती दुपारी परतले.

माळ पांढरी झाली होती. जुन्या चुन्याच्या भिंतीसारखे खरखरीत, पांढुरके मणी. ताटाच्या कडेला फेस. मी हातात घेऊन चोळली, पाण्यानं धुतली, पदरानं पुसली. रंग येईना. माझी पाचावर धारण बसली. मी तिथंच भांड्यांत बसून रडायला लागले. आत्याबाई कालव्याच्या वाटेनं येताना मला समोर दिसायला लागल्या, तेव्हा ताट घेऊन मी गोठ्यात पळाले. तिथं तात्या वैरण टाकत होते.

त्यांनी ताटात पाहिलं. मणी उचलला, जिभेला लावला, उजेडात धरला. आणि हा माणूस हसायला लागला. मला इतका संताप आला की वाटलं ताट त्यांच्या डोक्यात घालावं.

“चुना!” ते म्हणाले. “चिंचंनं चुना खाल्ला, रंगू. फेस आला का न्हाय? धा वर्सं बोंबलतोय मी, पवळं म्हंजे त्या जीवांनी बांधल्याला चुना हाय. रत्न असतं तर चिंचंनं त्याचं काय वाकडं केलं असतं? चल, चावडीवर नेतो ताट. बघू दे समद्यांना.”

“तात्या, पाया पडते तुमच्या,” मी म्हटलं. “कुणाला कळलं तर आत्याबाई मला घालवून देतील. मी कुठं जाऊ?”

ते थांबले. ज्याची दहा वर्षं वाट पाहिली, तो पुरावा त्यांच्या हातात होता. गाव त्यांना थापाड्या म्हणत होतं, आणि आता एका ताटात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी माळ धोतराच्या सोग्यात बांधली.

“न्हाय सांगत कुनाला,” म्हणाले. “रंग आत हाय. वरचं सालपट गेलंय नुसतं.”

चार दिवस दुपारी सगळे आडवे झाले, की तात्या मिरचीच्या वाफ्याकडे जाऊन बसायचे. गोवरीची राख वस्त्रगाळ करून ओल्या चामड्यावर घ्यायची आणि एकेक मणी घासायचा. तिसऱ्या दिवशी पहिल्या मण्याला खालचा तांबडा रंग दिसला आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पण मणी बारीक झाले, दोरा चिंचेनं कुजला. मी म्हटलं, “तात्या, चार नवे मणी आणून घालू या का?”

“न्हाय. हायेत तेच जप,” ते जरा चिडूनच म्हणाले. “हे लाल पवळं माझ्या बेटावरचं न्हवं, दुसऱ्या समुद्रातलं, खोल पान्यातलं. तितंबी जाळी वढून खरवडून काढत्यात म्हनं. एका मन्याला किती जीव आन किती वर्सं लागली, आन आपून म्हनायचं चार आना. मोडायला एक वात लागती. बांधायला माणसाचा हात चालत न्हाय, त्येच पायजेत.”

माळ पुन्हा ओवायला पटवेकऱ्याकडे द्यायला हवी होती. बारामतीचा पटवेकरी आमच्या घराला ओळखणारा, त्याच्याकडे सकाळी दिली तर संध्याकाळच्या आत आत्याबाईंना निरोप. म्हणून तात्यांनी व्याह्यांना निरोप द्यायचं निमित्त काढलं आणि एस्टीनं भिगवणमार्गे इंदापूर गाठलं. तिथं झुंबर नावाचा पटवेकरी होता. त्यानं मण्यांना तेलाचं बोट लावून तजेला आणला, नव्या रेशमात माळ ओवली. तात्या दुसऱ्या दिवशी परत आले, माळ माझ्या हातात ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. आत्याबाईंनी डबा उघडून माळ पाहिली, मान हलवली, आणि डबा बंद केला.

लग्नाच्या दिवशी इंदापूरचं वऱ्हाड आलं. मांडवात कुणीतरी तात्यांची फिरकी घेतलीच. व्याह्यांपैकी एकजण म्हणाला, “हेच का ते किड्यांच्या बेटावरचे पाव्हणे?” सगळे हसले. तात्याही हसले. मी पानाचं तबक घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत सिंधूला सजवत होतो. शालू नेसवला, माळ घातली. तेवढ्यात नवरीच्या मुंडावळ्या घेऊन एक माणूस दाराशी आला. वऱ्हाडाबरोबर आलेला हा माणूस म्हणजे इंदापूरचा तोच पटवेकरी झुंबर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं सिंधूच्या गळ्याकडे पाहिलं आणि कौतुकानं म्हणाला, “अरं वा, हीच माळ! चिंचंनं खाऊन पार उतरली हुती. तुमच्या त्या उंच पाव्हण्यांनी घासून आनली, मी पानी चढवलं. वळखू तरी येतीय का?”

आत्याबाईंच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली.  मग माझं मनगट धरून मला मागच्या गोठ्यात घेऊन गेल्या.

“रंग उतरला हुता?” त्या म्हणाल्या. “माळंचा रंग उतरला, आन तू माझ्या पोरीच्या गळ्यात घातलीस?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण मघाशी मांडवात तात्यांचं हसणं पाहिलं होतं, तेवढं माझ्यानं सोसवलं नव्हतं. मी म्हटलं, “मी चिंचेत भिजवली. तात्यांनी माझ्यासाठी गप्प बसून सगळं निस्तरलं. आता पोचवा मला माहेरी, पण तात्या थापाडे नाहीत.”

आमच्या मागोमाग तात्या आले होते. झुंबरचं बोलणं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी बंडीच्या खिशातून एक मणी काढला. घासताना तडा गेला म्हणून माळेतून वगळलेला. लग्नाच्या स्वैपाकातलं लिंबू आणून त्यांनी त्याच्यावर पिळलं. मण्यावर बारीक बुडबुडे आले.

“बगा वैनी. चुना हाय ह्यो. आंबट लागलं की खातंय. कुनाच्या पायानं न्हाय उतरला रंग, चिंचंनं उतरला. आज उतरंल, उद्या उतरंल, कुनाच्याबी घरात उतरंल.”

आत्याबाई बुडबुडे पाहत होत्या. मला वाटलं, आता माझ्यावर येतील. पण त्या मटकन गव्हाणीच्या कट्ट्यावर बसल्या.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “तांब्याची भांडी घासताना हातात पवळ्याची अंगठी असली तर?”

“तरीबी उतरंल.”

“माझा थोरला ल्योक गेला, तुमी तवा लहान हुता. पोरगं दोन वर्सांचं हुतं. त्याच्या आधी पंधरा दीस माझ्या अंगठीतलं पवळं पांढरं पडलं. सासूनं दावलं मला. म्हनली, तुझ्या हातानं गेला. पाडव्याची भांडी घासली हुती मी, भावजी. चिंचंनं. अंगठी हातातच हुती. तेवीस वर्सं मी समजतीया, की माझ्या हातानं गेला.”

बाहेर वाजंत्री सुरू झाली होती. तात्या त्यांच्यासमोर उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी हळू केला.

“तापानं गेला त्यो, वैनी. नुसत्या तापानं.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणाल्या, “तुझ्या पायाचं जे बोलले, ते ईसर.” मग पदर तोंडाला लावला आणि गाईच्या अंगाला टेकून रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून जवळ गेले, पाणी आणू का म्हणून विचारलं.

त्यांनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “बरं वाटतंय.”